गच्चीवरचं कुंकू

आमच्या धाराशिवात फ्लॅट बघायला आलेला माणूस आधी दोन गोष्टी विचारतो. बोअरला पाणी किती, आणि वरचा मजला तर नाही ना? पहिल्या प्रश्नाला बिल्डर जमेल तसं उत्तर देतो. दुसऱ्याला थाप मारता येत नाही, कारण जिने गिऱ्हाइकालाच चढायचे असतात. वरचा मजला आमच्याकडे ज्याला दुसरं काही परवडत नाही त्याचा. चैत्र लागला की स्लॅब तापतो. संध्याकाळी ऊन उतरतं, स्लॅब उतरत नाही. पंखा लावावा तर तो वरची गरम हवा इमानेइतबारे खाली ढकलतो. माझा सगळा धंदा या एका स्लॅबशी भांडण्यात गेला, असं म्हटलं तरी चालेल.

मी हरित इमारतींची सल्लागार. हे सांगितलं की लोक म्हणतात, "अच्छा, झाडंबिडं." बाहेरून कुठला हिरवा द्यायचा असं विचारणारेही इतके भेटले, की आता मला हसू येत नाही. मी सरळ "पोपटी" म्हणून मोकळी होते. काम तसं साधं आहे. इमारतीला पाणी कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठं जातं, भिंती आणि छत ऊन किती आत घेतात, दिवसा दिवा न लावता घरात दिसतं का, विटा किती लांबून आणल्या, असल्या प्रश्नांना गुण असतात. पुरेसे गुण पडले की मानांकन देणारी संस्था प्रमाणपत्र देते. ते हातात असलं की बिल्डरला नियमापेक्षा थोडं जास्त बांधायला मिळतं. बिल्डरचा जीव त्या थोड्या जास्तीत, माझा जीव स्लॅबमध्ये. हे दोन जीव एका इमारतीत नांदवायचे, त्यासाठी हिशेब करायचे, नकाशातली खिडकी हलवायची, गवंड्याची समजूत काढायची आणि तपासायला आलेल्यांना जागा फिरवून दाखवायची, हे माझं काम. मी स्वतः एक वीट रचत नाही. बांधणाऱ्याला चार गोष्टी सांगते, त्यातल्या दोन तो ऐकतो.

लोहारा गावची मुलगी, सिव्हिलचा डिप्लोमा, आधी एका कंत्राटदाराकडं नकाशे काढायची नोकरी आणि मग मेडिकलच्या दुकानावर स्वतःचं एका खोलीचं ऑफिस. एवढं चरित्र पुरे.

या धंद्यात माणूस बांधकाम शिकतो त्यापेक्षा बोलायला जास्त शिकतो. ढोकीचे एक मोठे ऊसवाले बागायतदार शहरात दुकानांचे गाळे बांधत होते. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला खड्डा घ्यायचा होता. त्यांनी तो ईशान्येला घेतला, कारण वास्तुशास्त्रात पाणी ईशान्येला. शास्त्राला मी कोण नाही म्हणणार? पण प्लॉटचा उतार नैर्ऋत्येकडं. पाणी काही शास्त्र वाचून वाहत नाही. मी कागदावर बाण काढून दाखवले, त्यांनी पंचांगवाल्या गुरुजींना फोन लावून दाखवला. शेवटी मी गुरुजींनाच विचारलं, नैर्ऋत्य कशी असावी? ते म्हणाले, उंच आणि जड. मग काय, पायाच्या खोदाईची सगळी माती आम्ही नैर्ऋत्येला टाकून चोपली आणि प्लॉटचा उतारच फिरवला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी सुतासारखं ईशान्येच्या खड्ड्यात गेलं. बागायतदार सगळ्यांना सांगत सुटले, बगा, शास्त्र खोटं न्हाय. मी म्हटलं, अजिबात नाही.

कोळशाच्या राखेपासून केलेल्या विटांचंही असंच. आमच्याकडचा गवंडी दोन विटा एकमेकींवर वाजवतो. खणखणली तर वीट पक्की, नाहीतर कच्ची. राखेची वीट कितीही मजबूत असली तरी खणखणत नाही, थप् करते. लोहाऱ्याजवळच्या एका नवरा-बायकोनं मोठ्या उमेदीनं या विटांचा कारखाना टाकला आणि गवंड्यांनी ती थप् ऐकताच त्यांचा माल परत धाडायला सुरुवात केली. वीट भाजायला लाकूड लागत नाही की कोळसा, हे त्या बिचाऱ्यांनी किती समजावलं. मी त्यांना सांगितलं, बोलणं बंद करा आणि प्रत्येक साइटवर दोन्ही विटा छातीइतक्या उंचीवरून फरशीवर टाका. भट्टीची फुटली, राखेची टुणकन उडून बाजूला पडली. त्यानंतर कुणी वाजवून बघितली नाही.

पण मला विचाराल, तुमच्या धंद्यातली एकच इमारत सांगा, तर मी शिवलिंगअप्पांची सांगेन.

अप्पा मुरूमकडचे, लिंगायत, हार्डवेअरचे जुने व्यापारी. आयुष्यभर दुसऱ्यांना खिळे-पत्रे विकून झाल्यावर त्यांनी स्वतःची इमारत काढली. माणूस हौशी. धाराशिवातली पहिली मानांकनाची इमारत माझी झाली पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं. अप्पा सुखात असले की मराठी बोलतात, संकटात कन्नड. त्यांच्या फोनवर पहिला शब्द कुठल्या भाषेतला येतो यावरून मी चप्पल घालायची की चहा संपवायचा ते ठरवत असे.

मानांकनामुळं मिळणाऱ्या जादा बांधकामात त्यांनी सगळ्यात वर दोन फ्लॅट काढले होते. त्यातला एक घेतला नामदेवमामांनी. मामा मूळचे अणदूरचे, एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी केलेले. वरचा म्हणून तो फ्लॅट स्वस्त, आणि स्वस्त म्हणून मामांचा. पण घ्यायच्या आधी ते बायकोला घेऊन आले होते. मामींना एका उन्हाळ्यात बाजारात उन्हाचा झटका बसला होता. त्यातून वाचल्या, पण तेव्हापासून उकाडा वाढला की त्यांना श्वास पुरेना. दुपारभर ओलं फडकं छातीवर घेऊन बसून असायच्या, आडव्या होत नसत. मामांनी बिल्डरला काही विचारलं नाही. मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी म्हणता ही इमारत थंड राहती. हिला झेपंल का वरचा मजला?"

सल्लागारानं अशा वेळी "शक्यतो", "साधारणपणे" असं काहीतरी म्हणायचं असतं. मी म्हटलं, "झेपेल. माझा शब्द." शब्द देणं सोपं होतं, देऊन बसल्यावर मात्र रोज सकाळी मी त्या स्लॅबचाच विचार करत उठायला लागले.

छत थंड ठेवायचा पहिला उपाय म्हणजे ते पांढरं करणं. पांढऱ्यावरून ऊन माघारी जातं. त्यासाठी कंपन्यांचे खास रंग मिळतात. त्यांना कागद असतात, ते कागद जोडले की गुण मिळतात, संपलं. पण मी आमच्याकडच्या उन्हात ते रंग दोन-तीन उन्हाळ्यांत पोपडे धरताना पाहिले होते. मला हवा होता चुना. खाली विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा, त्याच्यावर भिजवून, गाळून, डिंकाचं पाणी घातलेल्या चुन्याचे हात. चुना कोब्यात भिनतो, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत, आणि दर पाडव्याला एक हात घरच्या घरी देता येतो. अडचण एकच. चुन्याला कंपनीचा कागद नसतो. म्हणून पुण्याहून तपासणीला माणूस येणार, गच्चीवर यंत्र ठेवणार आणि ऊन किती माघारी जातं ते मोजणार असं ठरलं.

तपासणीची तारीख चैत्रातली आली. गच्ची अशी झाली होती की डोळे दिपत. गवंड्यांना मी बजावलं होतं, चुना ताजा आहे, वाळेपर्यंत वर कुणी चपला घालून यायचं नाही, सिमेंट सांडायचं नाही. हळद सांडायची नाही हे सांगायचं माझ्या कशाला डोक्यात येईल?

मी नातलगाकडं लग्नाला लातूरला गेले होते. तेवढ्यात मामांनी मुहूर्त काढला. अणदूरचा माणूस, कुलदैवत खंडोबा. नव्या घरात पाय ठेवण्याआधी जागरण घालायची त्यांच्या घरची रीत. फ्लॅटमध्ये माणसं मावेनात, खाली पार्किंगमध्ये सिमेंटची पोती. मामांनी अप्पांना गच्ची मागितली. अप्पा तर खूशच झाले. तुमचा खंडोबा तो आमचा मल्लय्या, म्हणाले, देवाला न्हाय कोण म्हणंल? सगळ्यांनी चपला मात्र खाली काढल्या, माझा शब्द तेवढा पाळला. वाघ्या-मुरळी आले, गाणी झाली, आणि येळकोट येळकोटच्या गजरात मुठी मुठी भंडारा उधळला गेला.

सकाळी गच्ची पिवळीधमक. तपासणी दुसऱ्या दिवशी. घाबरलेल्या अप्पांनी कुणालाही सुचलं असतं तेच केलं. पाइप लावला आणि अख्खी गच्ची धुवायला घेतली. आता हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईच्या लक्षात पुढचं आलं असेल. हळद, ओला ताजा चुना आणि पाणी. कुंकू दुसरं कशाचं करतात?

अप्पांचा फोन आला तो नुसता कन्नडमध्ये. "एन माडोदु ताई, एन माडोदु." काय करायचं, काय करायचं. मी लग्नातली जेवणाची पंगत सोडून आले. जिना चढून वर गेले आणि दारातच थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्ची तांबडीलाल. मधेच मामा उभे होते, हातातला झाडू तसाच धरून.

त्याहून वाईट म्हणजे गच्चीवर गर्दी होती. गच्चीचं कुंकू झालं ही बातमी गल्लीत पसरली होती. तुळजापूर अर्ध्या तासावर असलेल्या गावात अशी बातमी पसरायला काय वेळ लागतो? बायका येत होत्या, वाकून बोट टेकवत होत्या, कपाळाला लावत होत्या. कुणीतरी कोपऱ्यात नारळ ठेवलेला. मी समोरच्या घरातल्या म्हातारीला समजावायला गेले, की आजी, यात चमत्कार काही नाही, हळदीत चुना गेला. ती माझ्याकडं दयेनं बघत म्हणाली, "आमी काय येड्या हाव व्हय बाई? हळद-चुन्याचं कुंकू हुतंय हे ठाव हाय आमाला. पर कुठं व्हावं ते त्यो ठरवतोय." तेवढ्यात नमस्काराला आलेल्या एकानं उरलेल्या फ्लॅटचा भाव विचारला, आणि मी पाहिलं की अप्पा हळूहळू मराठीवर येताहेत.

खरी गोष्ट पुढं सुरू झाली. रंगकामाचा ठेकेदार दुपारी कंपनीच्या पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन हजर झाला. संध्याकाळपर्यंत दोन हात मारतो, म्हणाला, उद्या यंत्र काय, यंत्राचा बाप आला तरी पास. आणि त्याचं खरं होतं. उद्याच्या दिवसापुरती गच्ची पास झाली असती. पण ओल्या चुन्यावर मारलेला तो रंग धरणार नव्हता. वैशाखात फुगला असता आणि जाताना माझा चुनाही घेऊन गेला असता. खाली उघडा कोबा, त्याच्याखाली मामींचं घर.

अप्पा म्हणाले, पुढचं पुढं बघू. त्यांचंही चूक म्हणता येईना. तपासणी हुकली तर मानांकन लांबणार, मानांकन लांबलं तर वरचे दोन्ही फ्लॅट परवानगीशिवायचे. म्हणजे रंग मारला तर मामींना घर सोसणार नाही, आणि नाही मारला तर घरच राहील की नाही याची खात्री नाही. दोन्हीकडून कुऱ्हाड मामांच्याच पायावर. मी ठरवलं, हे माझं आणि अप्पांचं भांडण नाही. मामांना बोलावलं, दोन्ही बाजू सांगितल्या, काही लपवलं नाही. हेही सांगितलं, की हळदीचा डाग उन्हात उडतो हे मला लुगड्यांवरून माहीत आहे, गच्चीवरून नाही. चुना जसा सुकेल तसा तांबडा परत पिवळा होईल आणि पिवळा उन्हानं जाईल, असा माझा अंदाज. अंदाजच.

मामांनी डब्यांकडं बघितलं. मग अप्पांना म्हणाले, "अप्पा, जल्मभर एसटीत काढला. चेकर गाडीत चढल्यावर तिकीट फाडायचं नसतंय. जे हाय ते दावायचं."

अप्पा जिना उतरून गेले. ठेकेदाराचे डबे मात्र गच्चीवर सीलबंदच राहिले.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मॅडम आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या, डोक्यावर टोपी, हातात यंत्राची पेटी. गच्चीच्या दारात त्याही माझ्यासारख्याच थबकल्या. हे काय आहे, विचारलं. मी म्हटलं, हळद आणि चुना, आणि जागरणापासून पाइपापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यांकडं बोट दाखवलं. हे कशाला आणलेत? मी म्हटलं, "वरून मारायला आणले होते. मारले नाहीत." त्या जराशा हसल्या, खाली बसल्या, यंत्र ठेवलं. आकडा यायचा तोच आला, नापासाचा. त्या म्हणाल्या, मला आज जे दिसतंय तेच लिहावं लागेल. तेच लिहा, मी म्हटलं. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, नियमात एक फेरतपासणी बसते. त्या पुढं नांदेडकडं चालल्या होत्या, परतीच्या वाटेवर पुन्हा थांबणार. तेव्हाही असंच असलं तर मात्र काही करता येणार नाही.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. तांबड्याचा पिवळा झाला, तेव्हा मी जिन्यात एकटीच हसले. मग पिवळा जाईना. आणि चैत्राच्या मध्यावर कधी नव्हे ते आभाळ भरून आलं. मी आयुष्यभर उन्हाशी भांडलेली बाई, त्या आठवड्यात रोज गच्चीवर उभी राहून त्याच्याच विनवण्या करत होते. मामा रोज यायचे, गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहायचे, देवाचं नाव घ्यायचे की सूर्याचं, कोण जाणे. अप्पा वर येत नसत. पण आपल्या दुकानात बसून फोन करायचे आणि विचारायचे, बण्ण? म्हणजे, रंग कुठवर आला?

आभाळ उघडलं आणि असं ऊन पडलं, की रस्त्यावर कुत्रं दिसेना. गच्चीचा पिवळेपणा डोळ्यांदेखत फिका होत गेला. परतीच्या वाटेवर मॅडम आल्या, तेव्हा त्यांना दारातच डोळ्यांवर हात घ्यावा लागला. यंत्र ठेवलं. काठावर, पण पास. डब्यांच्या त्या दुपारनंतर अप्पा पहिल्यांदाच वर आले, गच्ची बघितली आणि मराठीत म्हणाले, "ताई, लई त्रास दिला तुमच्या चुन्यानं." हे अप्पांचं आभार मानणं.

इमारतीला मानांकन मिळालं, वरचे दोन्ही फ्लॅट कायदेशीर झाले. पाण्याच्या टाकीखाली जिथं ऊन पोचत नाही तिथं ताटाएवढा तांबडा डाग राहिला. ठेकेदार तो खरवडायला निघाला होता, समोरच्या म्हातारीनं खरवडू दिला नाही.

सगळ्याच इमारती अशा झाल्या नाहीत. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं की पावसाच्या पाण्याचे पाइप काढून गाडी लावायला जागा करणारे बिल्डर मी पाहिलेत. आमच्याकडच्या उन्हात दर्शनी बाजूला सगळी काच लावून, आत दिवसभर एसी चालवणारी दुकानं माझ्याच ऑफिसच्या खिडकीतून दिसतात. त्यातल्या एकाचं कागदी काम मीच केलं होतं. काच नको म्हणून सांगितलं, ती ऐकून न घेतलेल्या दोन गोष्टींतली एक. एकदा प्रमाणपत्र दिलं की पुन्हा बघायला कुणी येत नाही, हे या धंद्याचं दुखणं आहे आणि मला त्यावर औषध सापडलं नाही. म्हणून मीच जाऊन बघते. कुणी बोलावत नाही, पैसे मिळत नाहीत, तरी जाते.

तशी त्या मे महिन्यात मामांकडं गेले. भर दुपार, वीज गेलेली. रस्त्यावरून जिन्यापर्यंत येताना माझ्या पदराला पाझर फुटलेला. मी शब्द दिला होता, आकड्यांवर पास झालेली गच्ची वेगळी आणि वैशाखातलं घर वेगळं. दार वाजवलं तर मामांनी उघडलं, ओठांवर बोट ठेवून.

आत अंधूक, शांत. खिडकीच्या पडद्याला वारा लागत होता. अप्पांनी वास्तुशांतीला दिलेला कूलर खोक्यातच होता आणि खोक्यावर मामांनी देव मांडले होते. मामी उघड्या फरशीवर, हाताची उशी करून, कुशीवर झोपल्या होत्या. छातीवर ओलं फडकं नव्हतं. श्वास चालला होता तो लहान मुलासारखा, सलग. मामा मला कानाशी म्हणाले, "जेवल्यापसनं झोपलीय. कैक वर्सं झाली, दुपारची आडवी व्हत नव्हती."

मी भिंतीला टेकून बसले. भिंत गार लागली. मला रडू येत होतं, ते येऊ दिलं.

ऊन कलल्यावर मामी जाग्या झाल्या. मला बघून लाजल्या, पदर सावरला, पाहुणी आली तरी उठवलं नाही म्हणून नवऱ्यावर रागावल्या. मग वरच्या पंख्याकडं न बघताच म्हणाल्या, "लाईट कवा आली हो?"

मामा म्हणाले, "आली न्हाय अजून."